थवा उडवणाऱ्या लेन्सबहाद्दरास

श्रीयुत लेन्सबहाद्दर यांस,


आपण आमच्या पक्षीनिरीक्षकांच्या ग्रुपवर पाठवलेला फोटो मिळाला. सोबतचा मजकूरही मिळाला : 'आयडी प्लीज.' तारीख नाही, वेळ नाही, ठिकाण नाही. आक्षीची पुळण आहे हे आम्हीच मागच्या सुरूच्या झाडांवरून ताडलं. फोटोत बरंचसं आकाश आहे, थोडी लाट आहे आणि आमच्याकडे पाठ करून जिवाच्या आकांताने उडालेला थवा आहे. त्यातल्या एका पक्ष्याभोवती आपण लाल वर्तुळ काढलंत, हे मात्र फार बरं केलंत. वर्तुळ अगदी स्पष्ट आलंय. आतला पक्षी तेवढा हललाय.

हा फोटो कसा निघाला हे सांगायची गरज नाही, कारण आपली पद्धत आता अलिबागपासून भिगवणपर्यंत सगळ्यांच्या परिचयाची झाली आहे. आधी थव्याच्या दिशेने सावकाश चालायचं, मग कमरेत वाकून चार पावलं टाकायची, म्हणजे आपण पक्ष्यांना दिसत नाही अशी आपली समजूत आहे. आणि शेवटी सरळ पळत सुटायचं. भरतीचं पाणी चढलं की पक्षी आपोआप आपल्या बाजूला सरकतात, म्हणून स्कोप (पक्षी पाहायची दुर्बीण) लावून मुकाट बसलेली माणसं त्या दिवशी तिथे आधीपासून होती. त्यांनी हातवारेही केले. आपण उलट हात हलवून त्यांना अभिवादन केलंत. संस्कार दिसतात.

आता आपण विचारलंच आहे, तर उत्तर द्यायला हवं.

वर्तुळातला पक्षी सँड प्लोव्हर आहे, इथवर सगळ्यांचं एकमत आहे. लेसर की ग्रेटर, हा प्रश्न. थंडीत हे दोघेही वरून मातकट, खालून पांढरे, छातीच्या दोन्ही बाजूंना भुरकट डाग. मानेमागे पांढरी पट्टी असती तर केंटिश प्लोव्हर म्हणून मोकळे झालो असतो; या दोघांना ती नसते. ग्रेटर थोडा मोठा असतो, पण हा 'थोडा' शेजारी शेजारी उभे असले तरच कळतो. एकटा पक्षी वाळूवर उभा असला की तो हवा तेवढा मोठा वाटतो, विशेषतः त्या दिवशी आपल्याला ग्रेटर हवा असेल तर.

म्हणून चोच बघायची. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर मनात धरायचं. लेसरची चोच साधारण तेवढीच किंवा त्याहून आखूड, टोकाला बोथट. ग्रेटरची त्याहून लांब, दणकट आणि टोकाकडे निमुळती. मग पाय. लेसरचे काळपट करडे. ग्रेटरचे लांब, फिकट, पिवळट-हिरवट झाकेचे. आणि चिखलात उतरले की दोघांचेही पाय चिखलाच्याच रंगाचे, हे पुस्तकात लिहिलेलं नसतं. आपल्या फोटोत पक्ष्याची पाठ आहे. चोच पलीकडच्या बाजूला आहे. ती अलिबागच्या दिशेला असावी.

यातही एक मेख आहे. आपण ज्याला लेसर म्हणत आलो, त्याचेच अलीकडे पक्षीशास्त्रज्ञांनी दोन केले : सायबेरियन आणि तिबेटन. जनुकं तपासली तेव्हा असं निघालं की या जुन्या 'लेसर' नावाखाली नांदणाऱ्या दोन घराण्यांपैकी एक दुसऱ्यापेक्षा ग्रेटरलाच जवळचं आहे. सख्खे भाऊ म्हणून ज्यांना एका खोलीत ठेवलं, ते चुलत निघाले. आपल्या किनाऱ्यावर हिवाळ्यात येतात ते मुख्यतः तिबेटन, हिमालयापलीकडच्या पठारावरून. त्यांची चोच सायबेरियनपेक्षा लांब असते. म्हणजे परदेशी पुस्तकात ठसठशीत दाखवलेला चोचीचा फरक आक्षीला येईपर्यंत आणखी बारीक होतो. चांगली चांगली माणसं इथे गप्प होतात.

गप्प होतात, म्हणजे बघत राहतात. त्या दिवशी आपण पळत येण्याआधी स्कोपभोवती काय चाललं होतं, ते कानावर घालतो.

"काका, डावीकडून तिसरा बघा जरा."

"थांब, वळू दे त्याला. तोंड दिसत नाहीये."

"पाय लांब वाटतायत."

"ओल्या वाळूवर आहे, खाली पडछाया पडलीय. तू पाय नको बघूस. वळला! आखूड आहे ग चोच. बघ, बघ लवकर."

स्कोपला डोळा लावायची पाळी तिची. ती बघते, पण लगेच हो म्हणत नाही. पक्षी धावतो, थबकतो, वाळूतलं काहीतरी टिपतो, पुन्हा धावतो. प्लोव्हरची ती खास चाल. शेजारचा कर्ल्यू सँडपायपर मान खाली घालून शिवणयंत्राच्या सुईसारखी चोच खुपसत चाललेला असतो. तिसरं कोणीतरी डोळे मिटून आवाज ऐकत असतं, कारण लेसर बोलला तर तुटक, टणक बोलतो आणि ग्रेटर जरा घोळवून. एकाला चोच कळते, एकीला चाल कळते, एकाचा कान चांगला असतो. तिघांचं जमलं की नाव पक्कं होतं. नाही जमलं तर चहा घेतात आणि पुन्हा बघतात. आपल्या दृष्टीने हा वेळेचा अपव्यय आहे, याची कल्पना आहे.

तर मंडळी असं बघत असताना तो तिसरा पक्षी चाळीसेक भाऊबंदांसह आकाशात गेला. कदाचित तोच आता आपल्या लाल वर्तुळात आहे. आणि ज्यांच्या डोळ्यांसमोरून आपण तो उडवलात, त्यांनाच आपण आता त्याचं नाव विचारताय. या हिंमतीला खरोखर तोड नाही.

उडत्या पक्ष्याचा फोटो फुकट असतो असं मी म्हणत नाही. कित्येकदा तोच खरा पुरावा ठरतो. तळ्याकाठी ग्रीन आणि वूड सँडपायपर लांबून सारखे दिसतात. उडाले की ग्रीनच्या पंखांची खालची बाजू काळपट दिसते आणि वूडची फिकी. डनलिन आणि कर्ल्यू सँडपायपर उभे असताना गोंधळ घालतात. उडाला की कर्ल्यूच्या शेपटीच्या बुडाशी स्वच्छ पांढरं दिसतं. आणि ग्रेटर सँड प्लोव्हरच्या पायाची बोटं उडताना शेपटीच्या बाहेर डोकावतात, लेसरची जेमतेम. म्हणजे बघा, आपला फोटो नीट फोकसमध्ये असता तर बोटांवरून तरी काहीतरी बोलता आलं असतं. पण धावताना हात हलतो. त्याला आपण तरी काय करणार? उभे राहिला असतात तर? पक्षी काही आपल्यावाचून उडायचे थांबत नाहीत. पाणी चढलं की उडतात, बहिरी ससाणा आला की उडतात, कधी कधी उगाचच उडतात. वाट बघणाऱ्याला तो क्षण फुकटात मिळतो.

आणि पक्ष्याला तो महागात पडत नाही. आपण उडवलात की पडतो. भरतीच्या वेळी खायची जागा पाण्याखाली गेलेली असते; तेवढा वेळ पक्षी कोरड्या पुळणीवर दाटीने उभे राहून विसावा घेतात आणि ओहोटीची वाट बघतात. साठ-सत्तर ग्रॅमचा जीव. एप्रिलमध्ये अंगावर चरबी चढवून त्याला हिमालय ओलांडायचा असतो. तेव्हा छाती तांबूस होऊ लागते, चेहऱ्यावर काळा पट्टा येतो, आणि फोटोही सुंदर येतो. त्यामुळे आपली गर्दी नेमकी तेव्हाच वाढते. आपल्या एका 'फ्लाइट शॉट'साठी जाळलेली चरबी त्याने पुन्हा कुठून आणायची, हा प्रश्न आपल्या कॅमेऱ्याच्या मॅन्युअलमध्ये नसणार. त्या थव्यात कर्ल्यू सँडपायपरही होते. २०२४मध्ये आययूसीएन या निसर्गसंवर्धन संघटनेने ज्या किनारपक्ष्यांना आधीपेक्षा अधिक धोक्याच्या वर्गात टाकलं, त्यांत कर्ल्यू सँडपायपर आहे. तो आता 'व्हल्नरेबल', म्हणजे असुरक्षित, आहे. आपण एकदम ढीगभर उडवलेत, तेव्हा त्यात कोण कोण होतं हे आपल्याला ठाऊक असण्याचं कारण नाही. आपण तर त्याचीच चौकशी करत होतात.

आणखी एक. काही पक्ष्यांच्या पायांत कडी आणि रंगीत झेंडी असते. ठाण्याच्या खाडीत बीएनएचएस या निसर्गसंस्थेची माणसं रात्री-अपरात्री चिखलात उतरून हे काम करतात. झेंडीवरची अक्षरं वाचली की हा पक्षी कुठे, कधी पकडला होता ते कळतं. ती अक्षरं उभ्या पक्ष्याच्याच पायावर वाचता येतात.

आपल्या चिकाटीचं मात्र कौतुक. ग्रुपवर बहुतेकांनी 'सांगता येत नाही' म्हटलं, काहींनी 'बहुधा लेसर', आणि एकाने, जो कुठलाही फोटो पाहून अर्ध्या मिनिटात नाव सांगतो, 'ग्रेटर, शंभर टक्के' असं लिहिलं. आपण लगेच त्याला हात जोडलेत आणि ईबर्डवर, म्हणजे पक्ष्यांच्या नोंदींच्या संकेतस्थळावर, ग्रेटर चढवलात. सोबत 'लायफर!' (आयुष्यात पहिल्यांदाच पाहिलेला पक्षी) आणि तीन उद्गारचिन्हं. या नोंदी पुढे कुठे जातात, ते सांगून ठेवतो. 'स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स' हा २०२३चा अहवाल तीस हजारांहून अधिक पक्षीनिरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ प्रजातींचा लेखाजोखा त्यात मांडला आहे. कोणता पक्षी कमी होतोय आणि कोणता टिकून आहे, ते अशाच नोंदींवरून ठरतं. आपला ग्रेटरही त्या रांगेत जाऊन उभा राहायला निघालाय. नोंदी तपासणारी मंडळी त्याला अडवतील अशी आशा आहे. ती मंडळीही बिनपगारीच आहेत, तेव्हा त्यांचाही वेळ आपण मोकळेपणाने खर्च करू शकता.

रागावू नका. आपल्याकडे लेन्स आहे, आमच्याकडे स्कोप आहे. दोन्ही एकाच ठिकाणी असले तर बरंच काही होईल. पुढच्या वेळी आलात की आधी येऊन आमच्या शेजारी बसा. वाळू थोडी ओली असते, पण डबा आणि चहा असतो. पक्षी वळला की सांगू, तेव्हा बटण दाबा. एक फोटो बाजूने घ्या, एक शेजारच्या पक्ष्यासकट घ्या, आणि क्रॉप करण्याआधीचा पाठवा. तारीख आणि ठिकाण लिहिलंत तर आम्ही उपकृत होऊ. मग लेसर-ग्रेटरवर हवं तेवढं भांडू.

कळावे. लोभ असो वा नसो, अंतर असावे.

आपला,
स्कोपमागचा एक

ता. क. : ग्रेटरची नोंद काढून टाका. ज्या पक्ष्याची प्रजाती ठरत नाही, त्याच्यासाठी ईबर्डच्या यादीत सँड प्लोव्हरांची तिरक्या रेषेने जोडलेली नोंद असते. ती निवडा. आपल्या फोटोवरून तेवढंच म्हणता येतं.