किक मारली होती का?

सांगलीत महापूर ओसरला की आधी दिसतो गाळ, मग येतात पंचनामेवाले आणि मग मिस्त्री. गाळ महिन्याभरात हटतो, पंचनामे कागदावर जातात, मिस्त्री मात्र दसऱ्यापर्यंत मान वर करत नाही.

गावभाग, मारुती चौक, हरिपूर रोड, कुठंही जा, हा माणूस सापडतो. पन्नाशी उलटलेली, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खिशात टेस्टर, खांद्यावर जुन्या बनियनचं फडकं. गॅरेजच्या दारात बुडालेल्या दुचाक्यांची रांग लागलेली असते आणि हा एकाही गाडीला हात न लावता स्टुलावर बसलेला असतो. गाडी ढकलत आणणाऱ्याला धाप लागलेली असते, पण त्याला पाणी विचारायची इथं पद्धत नाही. पाणी सगळ्यांनी पुष्कळ बघितलेलं असतं.

"किक मारली व्हती का?"

"छे छे! हातसुद्धा लावला नाही."

मिस्त्री हे उत्तर ऐकतो, पण धरत नाही. पाण्यात बसलेलं इंजिन चालू करायचं नसतं, हे 2005 च्या पुरानंतर सांगलीतलं शेंबडं पोरही सांगतं. सिलिंडरमध्ये हवा असली तर पिस्टन ती दाबतो. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर यायला बघतो, पाणी जागा देत नाही, आणि दोघांच्या भांडणात मधला कनेक्टिंग रॉड वाकतो. किकच्या जोरातून रॉड वाचला तरी नदीचा गाळ रिंगांत अडकून बोअरवर ओरखडे ओढतो. हे सगळं माहीत असलेला माणूसही घरी परतल्यावर, बायको माडीवर गेलेली बघून, हळूच एक किक मारतोच. लागली तर लागली!

म्हणून मिस्त्री आधी तपासतो तो मालक. वाकून किककडे बघतो. अख्ख्या गाडीवर वाळलेला गाळ, आरशावर गाळ, नंबर प्लेटवर गाळ, आणि किकच्या रबरावर तेवढी चपलेच्या आकाराची स्वच्छ जागा.

"पुरानं पुसलं वाटतं," मिस्त्री म्हणतो.

मग प्लग निघतो. खालचा नट सैल झाला की तसराळ्यात ऑइल पडतं, आणि त्याचा रंग हुबेहूब कटिंग चहाचा असतो. भोवती चहा पीत उभे असलेले चार सल्लागार आपापल्या कपात बघतात आणि कप हळूच कट्ट्यावर ठेवतात. पाणी ऑइलात फेटलं गेलं, म्हणजे इंजिन फिरलेलं आहे. नुसतं बुडून बसलेल्या इंजिनात पाणी तळाशी वेगळं राहतं. खरा पुरावा हा. किकचं रबर ही नुसती गंमत.

किक मारल्याचं पहिल्या झटक्यात कबूल करणाऱ्याला मजुरीत पन्नास रुपये सूट, असं त्यानं 2019 मध्ये जाहीर केलं होतं. त्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी पाणी 57 फुटांच्या वर गेलं होतं; धोक्याची पातळी 45 ची. अर्धी बाजारपेठ बुडाली, गाड्यांची रांग वळून दुसऱ्या गल्लीत गेली. 2021 ला पाणी पुन्हा पंचावन्नच्या घरात आलं. सूट अजून कुणी घेतलेली नाही.

बाकी वर्षभर त्याचं लक्ष कोयनेवर. जुलै लागला की जावयाच्या पगाराआधी तो धरणाचा विसर्ग विचारतो. एकशे पाच टीएमसीचं ते धरण त्याच्या डोक्यावर टांगलेलं असल्यासारखा तो बोलतो. किती क्यूसेक सोडलं, कऱ्हाडच्या संगमावर किती झालं, इथं कधी पोचणार, सगळा हिशेब तोंडपाठ. धरणामागच्या शिवसागरात मात्र त्यानं कधी पाऊल टाकलेलं नव्हतं. ते काम भाच्यामुळं झालं.

तिकडं तापोळा-बामणोलीकडं बोटी जुन्याच. मुनावळ्याला 2024 मध्ये सरकारी जलपर्यटन सुरू झालं आणि त्या शांत पाण्यावर जेट स्की घुरघुरू लागल्या. भाचा काठावरच्या एका बोटवाल्याकडं कामाला. बोटवाल्यानं हौसेनं वापरलेली जेट स्की आणली होती, ती उलटली आणि बंद पडली. कंपनीचा माणूस येईना. भाच्यानं फोन केला, "मामा, इंजिनात पाणी गेलंय."

मामा कास उतरून पोचला. समोर निळं पाणी, पलीकडं वासोट्याच्या बाजूचं जंगल. त्यानं ते बघितलं आणि पहिला प्रश्न टाकला, "आज किती टीएमसी हाय?"

जेट स्की त्यानं भोवती फिरून न्याहाळली. सीट होतं, हँडल होतं, चाकं नव्हती.

"किक कुठं हाय?"

"किक नाही, बटन आहे," बोटवाला म्हणाला.

"मग बटन दाबलं व्हतं का?"

"छे! हातसुद्धा लावला नाही."

मिस्त्रीला एकदम घरी आल्यासारखं वाटलं.

चौकशी सुरू झाली. मागचे दोन ड्रेन प्लग घट्ट होते का? होते. धुताना आधी इंजिन चालू करता की आधी पाणी? आधी इंजिन, भाचा म्हणाला, आणि बंद करताना आधी पाणी. बरोबर. हे इंजिन तळ्याचंच पाणी ओढून थंड होतं आणि ते पाणी धुराबरोबर बाहेर फेकतं, म्हणजे सायलेन्सरात पाणी कायमच. मागून धुराचा रेटा आहे तोवर ते बाहेर जातं, रेटा थांबला की इंजिनाची वाट धरतं. मिस्त्रीला हे कळायला पाच मिनिटं लागली, कारण सांगलीतल्या गाड्यांतही पाणी बऱ्याचदा सायलेन्सरातूनच चढतं.

"उलटल्यावर सरळ कुठल्या अंगानं केली?"

"जमेल त्या."

तो मागच्या बाजूला वाकला. तिथं 'बुकिंगसाठी संपर्क' असा लाल-पिवळा स्टिकर होता. नखानं कोपरा खरवडून त्यानं तो ओढला. खाली कंपनीचा स्टिकर निघाला: उलटलेल्या जेट स्कीचं चित्र, सरळ कुठून करायची त्याचा बाण आणि दुसऱ्या दिशेवर फुली. चुकीच्या अंगानं फिरवली की सायलेन्सरातलं पाणी थेट सिलिंडरात. सगळं लिहिलेलं होतं. त्यावर बोटवाल्याचा मोबाइल नंबर होता.

डिपस्टिक ओढली. तोच रंग. मिस्त्रीनं बोटवाल्याकडं बघितलं, बोटवाल्यानं वासोट्याकडं.

तिन्ही प्लग काढून, कॉइलच्या वायरी सोडवून, भोकांवर फडकं टाकून त्यानं भाच्याला बटन दाबायला सांगितलं. बोटवाला बघायला वाकला होता. फडकं उडालं आणि मधल्या भोकातून आलेली चिळकांडी थेट त्याच्या शर्टावर गेली. मग मिस्त्रीनं सायकलची एक तार मागून घेतली. मागचा शाफ्ट हातानं फिरवत प्रत्येक पिस्टन पार वर आणायचा, तार आत सोडायची आणि नखानं खूण धरायची. पहिला आणि तिसरा सारखे. मधला एक सूत खाली.

"रॉड वाकलाय. नुसत्या पाण्यानं वाकत न्हाई."

सांगली-सातारा हा मुळात एकच जिल्हा, 1949 मध्ये तोडून त्याचे दोन केले. आताच्या सांगलीला 1960 पर्यंत दक्षिण साताराच म्हणत. पाणी तेच राहिलं आणि खोटं बोलायची तऱ्हाही. फरक इतकाच की सांगलीकराची गाडी पाण्यानं घरात येऊन बुडवलेली असते, या गृहस्थानं तिकीट लावून बुडवली होती.

बराच वेळ कुणी बोललं नाही. शर्ट पिळत बोटवाला शेवटी म्हणाला, "दाबलं होतं. चार वेळा."

भाचा खूश झाला. मामाची सूट त्याला लहानपणापासून पाठ. "मामा, कबूल केलं बघा! पन्नास रुपये कमी करा."

मिस्त्री तार फडक्यानं पुसत होता.

"ती सूट पूरग्रस्तांस्नी," तो म्हणाला. "ह्यांचं इंजिन खोलायला लागतंय. साताऱ्यास्नं टेम्पो सांग."