एकच नंग

बडोद्याच्या जुन्या मराठी वस्तीत एक तरी इंजिनवाले काका असतातच. दांडिया बाजारात नसले तर रावपुऱ्यात. शिक्षण कलाभवनात, नोकरी कुठल्याशा कारखान्याच्या टूलरूममध्ये, आणि निवृत्तीनंतर जडलेलं खूळ एकच : साडेतीन इंची रुळांवर, खऱ्या कोळशावर, खऱ्या वाफेने धावणारं आगगाडीचं इंजिन घरी बनवायचं. त्याला खेळणं म्हणू नका. एवढंसं इंजिन मोठ्या माणसाला ट्रॉलीवर बसवून ओढतं, हे ऐकल्याशिवाय तुमची सुटका नाही.

पण इंजिन बनवणं हा काकांचा खरा धंदा नव्हेच. खरा धंदा म्हणजे त्याचे भाग शोधणं. विलायतेत कास्टिंगपासून स्क्रूपर्यंत सगळं पुडीत बांधून मिळतं, आणि त्या लोकांची काकांना मनापासून कीव येते. इथे मंगळ बाजारातला हार्डवेअरवाला बीए मापातला 8 नंबरचा स्क्रू मागितला की मोठा काढून दाखवतो. बीएत आकडा वाढेल तसा स्क्रू बारीक होतो, शून्य नंबरचा 6 मिलिमीटरचा आणि आठचा जेमतेम सव्वादोनचा, हे काका त्याला समजावू लागतात आणि मागे रांग लागते. शेवटी तो हात जोडतो, ‘काका, आटलुं नानुं तो घडियाळवाळाने पूछो.’ काका घड्याळवाल्याकडे जातात. तिथे चहा होतो.

मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत तर काकांना लांबून पाहून लेथवाले आत जातात. तिथला पहिला प्रश्न ठरलेला : ‘केटला नंग?’ म्हणजे, किती नग? काका तितक्याच ठामपणे सांगतात, ‘एक.’ हजार बुशिंगांच्या ऑर्डरीत बुडालेल्या माणसाला हा एक नंग म्हणजे शुद्ध अपमान वाटतो. फाउंड्रीत वेगळी तऱ्हा. सिलिंडरसाठी मूठभर गनमेटल हवं असतं, आणि तिथे पंपाच्या कास्टिंगचा रस ओतताना त्याहून जास्त धातू जमिनीवर सांडतो. काका तो सांडलेला तुकडा उचलून वजन करून पैसे देऊ करतात. फोरमन ते घेत नाही. फक्त फाटकापर्यंत पोचवायला येतो.

घरी काकांची नजर भांड्यांवर. पंगतीत तांब्या पुढे आला की आधी नखाने वाजवतात, मग पाणी पितात. माळ्यावर सासूबाईंच्या वेळचा तांब्याचा बंब आहे. मधून आगीची नळी, भोवती पाणी : बंब म्हणजे उभा बॉयलरच की! काका हे कौतुकाने म्हणतात. त्यातली धमकी काकूंना बरोबर कळते. शिडी तेव्हापासून शेजाऱ्यांकडे ठेवलेली आहे.

बॉयलरला डाग चांदीचाच लागतो. ऐंशी पौंड दाबाची वाफ एकशे साठ अंशांच्या वर जाते, आणि कथल-शिशाचा डाग एकशे ऐंशीच्या आसपास वितळतो. पाणी जरा उतरलं की संपलं. हे शास्त्र निर्विवाद आहे. काकूंचं म्हणणं इतकंच, की एवढी चांदी अंगावर घालायला कधी आणली नाहीत. त्यावर काका गायकवाडांच्या सोन्याच्या तोफांचा दाखला देतात. तो इथे कसा लागू पडतो ते विचारायचं नसतं.

‘गाडी धावणार कधी?’ असं कुणी विचारलंच, तर काकांकडे 1862 साल तयार असतं. त्या साली खंडेराव महाराजांनी डभोई ते मियागाम अडीच फुटी रूळ टाकले, पण रूळ इतके हलके की गाडी ओढायला बैल जुंपले. ‘आणि रूळ भक्कम व्हायला 1873 उजाडलं! संस्थानाला घाई नव्हती, मला का असावी?’ मोतीबागेतल्या राजवाड्याच्या छोट्या इंजिनासमोर मात्र काका गप्प उभे राहतात. राजपुत्रांसाठी ते आयतं विकत आणलेलं, हे शल्य आहे.

परवा लंडनहून भाचा आला. मामांचं इंजिन फक्त वाफेच्या गेजसाठी अडलंय असं त्याने ऐकलं होतं, म्हणून रुपयाच्या नाण्याएवढं गेज मखमली डबीत घालून घेऊन आला. काकांनी डबी उघडली. चेहरा उतरला. सगळे भाग जमले होते. काकूंनी तर साखर हातावर ठेवायची तयारी केली. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, गेजच्या बुडाशी व्हर्नियर लावली, पुन्हा लावली, आणि एकदम खुलले.

‘आटे इंचाला चाळीसच आहेत, पण व्यास तीन सोळांश! माझी नळी पाव इंची आहे!’

‘मग आता?’ भाच्याने घाबरून विचारलं.

‘आता काय, मधला अ‍ॅडॉप्टर बनवावा लागणार. पितळी. एकच नंग.’ आणि मकरपुऱ्याची रिक्षा बघायला काका जिना उतरलेसुद्धा.