घरोघरी एम.ए.

आमच्या घरात सध्या तिघेजण शिक्षणशास्त्रात एम.ए. करताहेत. परीक्षेला मात्र एकटी बायकोच बसते. प्रवेश तिचा, शुल्क माझं, आणि ऑनलाइन अर्जात फोटो मावत नव्हता तो कापून-दाबून बसवण्याचं पुण्य मुलीचं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे आपल्या मुक्त विद्यापीठाचं ब्रीद आम्ही इतकं मनावर घेतलंय की गंगा थेट स्वयंपाकघरात शिरलीय. परवा कणकेच्या डब्याखाली ज्ञानरचनावाद सापडला.

नाशिककराला याचं नवल नाही. गंगापूर धरणाच्या वाटेवर, गोवर्धनच्या बाजूला, 1989 साली यशवंतराव चव्हाणांच्या नावाचं मुक्त विद्यापीठ उभं राहिलं. राम ताकवले पहिले कुलगुरू. ज्याला वर्गापर्यंत जाता येत नाही त्याच्या घरी वर्ग न्यायचा, ही कल्पना साधी आणि फार मोठी. आजही एखाद्या बस कंडक्टरचं बी.ए. कधी झालं ते त्याच्या डेपोलाही ठाऊक नसतं. यशवंतराव 1963 साली नाशिकमधून लोकसभेवर बिनविरोध गेले होते. त्यामुळे त्यांच्या नावाची पदवीही बिनविरोध मिळत असावी, अशी आमची एक भाबडी समजूत होती. पहिला गृहपाठ आला आणि ती गेली.

आता एम.ए. कशाला? विचारलं की बायको म्हणते, शिकायची आवड. आवड खरीच आहे. पण ती नेमकी शिक्षिकेच्या नोकरीच्या चोविसाव्या वर्षी उफाळून आली. जाणकारांना हिशेब कळतो. शिक्षकाला 12 वर्षांनी वरिष्ठ श्रेणी आणि 24 वर्षांनी निवड श्रेणी. त्यातली दुसरी पात्रता वाढवल्याशिवाय नाही, आणि वाढवली तरी सगळ्यांना नाही. शेजारच्या काकांनी विचारलं, ‘‘वहिनी, एम.एड. करताय म्हणे?’’ ती म्हणाली, ‘‘नाही हो, एम.ए. एज्युकेशन.’’ मग फरक सांगणं आलं. एम.एड.ला आधी बी.एड. हवं, वर शिक्षक-शिक्षणाच्या राष्ट्रीय परिषदेची मान्यता, 2015 पासून पूर्ण दोन वर्षं. एम.ए.ला बहुतेक ठिकाणी कुठलाही पदवीधर चालतो. ‘‘म्हणजे मीपण?’’ म्हणत काका जे घरी गेले ते अजून माहितीपुस्तिका वाचताहेत. यूजीसीनं 2022 पासून एकाच वेळी दोन पदव्यांची मुभा दिली आहे, हे त्यांना कोणी सांगू नये. काकू आधीच त्रासल्या आहेत.

अभ्यासक्रम लवचीक आहे, असं सगळीकडे छापलेलं असतं. हवं तेव्हा शिका, हवं तिथे शिका. श्रेयांकांची बँकसुद्धा निघाली आहे. मध्येच शिक्षण सुटलं तर मिळवलेले श्रेयांक खात्यात पडून राहतात. फक्त ‘हवं तेव्हा’ म्हणजे नक्की केव्हा, ते शिक्षकानं स्वतः शोधायचं. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नं शिक्षकांना अशैक्षणिक कामं लावायला बंदी केलीय. अपवाद तीनच : जनगणना, आपत्ती, निवडणूक. हे तिन्ही आमच्या घरी ऋतूंसारखे येतात. त्यातच 1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला : निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या जुन्या शिक्षकांनीही दोन वर्षांत टीईटी उत्तीर्ण व्हायचं. म्हणजे चोवीस वर्षं शिकवल्यावर शिकवता येतं का याची परीक्षा, आणि शिकवणं म्हणजे काय याचं एम.ए., दोन्ही एकाच टेबलावर. टेबल आमचं जेवणाचं आहे. आम्ही मांडीवर ताट घेतो.

तरी मी मदतीचा हात पुढे केला. प्रश्न होता : ‘बालककेंद्री शिक्षणाची वैशिष्ट्ये स्पष्ट करा.’ गुण दहा. म्हटलं, दर आठवड्याला सदर लिहितो, हे काय! तासाभरात दोन पानं उतरवली. ‘बालक केंद्रस्थानी आहेच,’ असं मी लिहिलं होतं, ‘परंतु त्याच केंद्रावर केंद्रप्रमुखही बसलेले असल्याने जागेची अडचण होते.’ पुढे खिचडीच्या तांदळाची नोंद, यू-डायसची माहिती, गणवेशाची मापं असं वर्तुळ काढून बालक नेमका कुठे आहे ते बाणाने दाखवलं होतं.

बायकोनं लाल पेन काढलं. घरात लाल पेन निघालं की मी आपोआप ताठ बसतो. दहापैकी तीन. ‘‘हे तीन कशाचे?’’ मी आशेनं विचारलं. ‘‘अक्षराचे. वैशिष्ट्यं विचारली होती, विनोद नाही.’’ मग ती रात्री दहाला बसली आणि एक वाजता उठली. सगळं स्वतः लिहिलं. मुलीकडे फक्त पानांचे फोटो काढून पीडीएफ करायचं काम उरलं. त्याबदल्यात मुलीच्या शाळेचा ‘टाकाऊतून टिकाऊ’ प्रकल्प आईनं करून दिला. टाकाऊ वस्तू बाजारातून नव्या कोऱ्या आणाव्या लागल्या.

खरी मौज कृतिसंशोधनाची. तिची शाळा पेठ तालुक्यात. विषय घेतला : ‘विद्यार्थ्यांच्या अनियमित उपस्थितीची कारणे व उपाय.’ कारणं शोधायला लांब जायला नको. ऑक्टोबरात द्राक्षाच्या छाटण्या सुरू झाल्या की आईबाप दिंडोरी-निफाडच्या बागांवर उतरतात. पोरं एक तर बरोबर जातात, नाहीतर घरी धाकट्याला सांभाळतात. वर्गातली एकेक रांग मोकळी होते. ती हजेरीपट घेऊन महिन्यामहिन्याचे तक्ते काढत बसली होती. ऐन त्यात अभ्यासकेंद्राच्या समंत्रकांचा फोन : ‘‘मॅडम, तुम्ही सलग तीन संपर्कसत्रांना नाहीत. काही अडचण?’’ संपर्कसत्रं रविवारी, आणि तिचे तिन्ही रविवार मतदार यादी घेऊन दारोदार गेलेले. ‘‘सर, घरची कामं होती,’’ ती म्हणाली. फोन ठेवला आणि समोरच्या तक्त्याकडे बघत राहिली. ‘कारणे’ या मथळ्याखाली तिच्याच अक्षरात पहिली ओळ होती : घरकाम.

त्या आठवड्यात तिनं एक पोर गृहपाठ न करता आलं तरी त्याला उभं केलं नाही म्हणे. नुसतं विचारलं, ‘‘कधीपर्यंत देशील?’’ पोर इतकं घाबरलं की दुसऱ्या दिवशी आजीला घेऊन आलं.

परीक्षा झाली. तीन तास लिहून बोटं सुजली, आणि शेवटच्या प्रश्नाचा ‘ब’ भाग सुटला. कुणाला बोलली नाही; मला कळलं, कारण भाजीत मीठ दोनदा पडलं. दुसऱ्या दिवशी वर्गात शिरताच चौथीच्या अख्ख्या वर्गानं एका सुरात विचारलं, ‘‘मॅडम, पेपर कसा गेला?’’

‘‘बरा गेला,’’ ती म्हणाली.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. या उत्तराचा अर्थ चौथीत पक्का माहीत असतो. मागच्या बाकावरून एकानं धीर दिला, ‘‘जाऊ द्या मॅडम, आम्हालापण नव्हता आला.’’