पडद्याचा पंचनामा

प्रत्येक सहकारी गृहनिर्माण संस्थेत अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार असे तीन पदाधिकारी असतात, त्यांची नावे जिन्यापाशी काळ्या फलकावर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली असतात आणि त्यांच्यावाचून संस्थेचे वर्षानुवर्षे काहीही अडत नाही. परंतु ज्याच्यावाचून खरोखर अडते असा चौथा एक इसम असतो, आणि त्याचे नाव मात्र फलकावर, इतिवृत्तात किंवा वार्षिक सर्वसाधारण सभेच्या आभारप्रदर्शनात कोठेही आढळत नाही. या इसमास सर्व लहानथोर 'काका' म्हणतात. कचेरीत प्रथम संगणक आले तेव्हा बाकीच्या कारकुनांनी डोळ्यांची, कमरेची किंवा युनियनची सबब पुढे केली आणि प्रशिक्षणाला जाण्याची पाळी ज्याच्यावर आली, तोच हा मनुष्य. त्या दिवसापासून संगणक या विषयातील यच्चयावत संकटे, मग ती छपाईयंत्रात अडकलेल्या कागदाची असोत की आयकर विवरणपत्राच्या विसरलेल्या पासवर्डाची, त्याच्याच दारी येऊन उभी राहतात. डोंबिवलीत मी ज्या इमारतीत राहतो तेथे असे एक काका आहेत. ठाण्यात, बोरिवलीत, चिंचवडातही ते आहेतच, फक्त चष्म्याची काडी निराळी.

काकांच्या कीर्तीचा मोसम परीक्षांचे निकाल लागले की सुरू होतो. चिरंजीवांना अपेक्षेपेक्षा बरे गुण मिळालेले असतात, पूर्वी केव्हातरी बेसावध क्षणी दिलेल्या वचनाची आठवण वडिलांना करून दिली जाते, आणि एका रविवारी पितापुत्र ग्रँट रोड स्थानकावर उतरून लॅमिंग्टन रोडकडे कूच करतात. या रस्त्याचे सरकारी नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे असले तरी ग्राफिक्स कार्ड तिकडे मिळत नाही. ते लॅमिंग्टन रोडवरच मिळते. कार्डाची किंमत ऐकून वडिलांच्या मुद्रेवर जो भाव उमटतो त्याचे वर्णन करण्याचे येथे प्रयोजन नाही. मुद्दा एवढाच, की एवढी रक्कम मोजल्यावर ती वस्तू दुसऱ्याच्या हाताने बसवून घेऊन वर आणखी मजुरी देणे त्यांच्या तत्त्वात बसत नाही. 'त्यात काय आहे? खाच आहे, त्यात बसवायचं,' असे म्हणून ते स्वतः बाह्या सरसावतात, कॅबिनेटची बाजू उघडतात, कार्ड खाचेत घालतात, सर्व तारा जिथल्या तिथे जोडतात आणि कळ दाबतात. पंखे फिरतात, दिवे लागतात, आतून घरघर ऐकू येते, आणि पडद्यावर मात्र 'नो सिग्नल' हे दोन शब्द क्षणभर तरंगून अंधार पसरतो. पुन्हा कळ दाबली जाते. पुन्हा तेच. मग स्वयंपाकघरातून प्रश्न येतो, 'चाललं का हो?', आणि त्या प्रश्नानंतर पाच मिनिटांच्या आत काकांकडे निरोप जातो: 'डिस्प्ले येत नाहीये.'

काका तत्काळ येत नाहीत. तत्काळ येणाऱ्याचा मान राहत नाही, हे त्यांनी कचेरीतच ओळखलेले असते. ते सावकाश येतात, हाती एक जुने चष्म्याचे घर असते आणि त्यात चुंबकी टोकाचा स्क्रूड्रायव्हर, रंगकामाचा बारीक ब्रश व शाळकरी मुलाचे खोडरबर असा सरंजाम असतो. आल्याबरोबर ते यंत्रास हात लावत नाहीत. प्रथम जबान्या होतात. वीज गेली होती काय? कार्ड डब्यातून काढले तेव्हा कोण कोण हजर होते? सोनेरी कडेस कोणाचे बोट लागले काय? फिर्यादी पक्ष एकमेकांकडे पाहतो. बोट कोणाचेच लागलेले नसते. ते भारतीय कुटुंबात कधीच कोणाचे लागत नाही. मग काका 'जरा धूळ बघतो' असे म्हणून टेबलामागे वाकतात, तेथे क्षणभर रेंगाळतात, 'हं' असा एक उद्गार काढतात आणि पुढे येऊन खुर्चीवर बसतात. चहा येतो.

यानंतर जो विधी सुरू होतो तो मी एकदा जवळून पाहिला आहे. काकांनी आधी वीजपुरवठा खंडित करवला, अंगातील स्थितिक विद्युत उतरावी म्हणून कॅबिनेटच्या उघड्या पत्र्यास बोटे टेकवली, मग रॅमच्या पट्ट्या काढून त्यांच्या सोनेरी दातांवरून खोडरबर फिरवले आणि बसवताना दोन्ही कानांची 'टक' वाजेपर्यंत दाबल्या. नंतर कार्डाची पाळी आली. खाचेच्या टोकास असलेली खिटी दाबून त्यांनी ते बाहेर घेतले, प्रकाशात धरले, फुंकर घातली नाही (फुंकरीत लाळ असते, असे त्यांचे बजावणे असते) आणि ब्रशने झाडून परत बसवले. मग वीजतारांचे निरूपण. 'अरे बाळ, ही खाच स्वतः फार तर पंचाहत्तर वॅट देते. तेवढ्यावर भागणारी कार्डं असतात, नाही असं नाही. पण हे काही त्यातलं नव्हे. सहा पिनांच्या खुंटीतून आणखी पंचाहत्तर आणि आठ पिनांच्या खुंटीतून दीडशे, असं याला वरून घालावं लागतं. आणि प्रोसेसरची आठ पिनांची खुंटी दिसायला तशीच, पण तिच्यातल्या तारा उलट्या. इथे बळजबरी केलीस तर धूरच बघायचा.' मुलाने मान डोलावली. वडिलांनीही डोलावली, कारण आठ पिनांची खुंटी त्यांनी बरोबर लावलेली होती आणि तिचा असा जाहीर उल्लेख त्यांना सुखावह वाटला.

निरूपणात इतिहासही आला. पूर्वी मदरबोर्डला एक चिमुकला भोंगा असे आणि यंत्र आपले दुखणे स्वतः बोलून दाखवी. अवॉर्ड कंपनीच्या बायोसमध्ये, म्हणजे यंत्र जागे करणाऱ्या आज्ञावलीत, एक दीर्घ आणि दोन ऱ्हस्व ध्वनी झाले की चित्रयंत्रणेत बिघाड समजावा, अमेरिकन मेगाट्रेंड्सचा बायोस असेल तर आठ ऱ्हस्व मोजावे. हल्ली त्या जागी चार बारीक दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, व्हीजीए आणि बूट अशा नावांचे, आणि ज्याच्यापाशी गाडी अडते तो पेटून राहतो. काकांना हे दिवे मनातून पसंत नाहीत. दिवा वाचता कोणालाही येतो. भोंगा ऐकायला कान तयार असावा लागतो.

हे सर्व होईपर्यंत पाऊण तास गेला. शेवटी कॅबिनेट टेबलावर सरळ करताना काकांचा एक हात मागच्या बाजूस गेला, तेथे काहीशी हालचाल झाली आणि परत येताना त्याच हाताने एक काळी प्लास्टिकची टोपी सदऱ्याच्या खिशात सोडली. कळ दाबली. पडदा उजळला.

'कार्ड अर्धा सूत वर राहिलं होतं,' काका म्हणाले. 'हे नवे स्लॉट फार कडक. कोणाकडूनही राहतं.'

'मी म्हणतच होतो,' वडील म्हणाले.

ती टोपी काय होती, हे त्या घरात मीच एकट्याने पाहिले. नव्या कार्डाच्या मुखांवर धूळ जाऊ नये म्हणून कारखान्यातून अशा टोप्या घालून येतात, आणि ती टोपी पाऊण तासानंतरही जागेवर होती याचा अर्थ पडद्याची तार कार्डाला लागलेलीच नव्हती. ती आजवर जेथे होती तेथेच, मदरबोर्डच्या जुन्या मुखात होती. कार्ड नव्हते तोवर चित्र तेथूनच येत असे. परंतु खाचेत कार्ड आले की बहुतेक मदरबोर्ड आपला चित्राचा कारभार त्याच्याकडे सोपवतात आणि जुने मुख मुके होते. ज्या इंटेल प्रोसेसरांच्या नावाअखेर 'एफ' असतो त्यांच्यापाशी तर मुळात चित्र काढण्याची सोयच नसते, मग ते मुख केवळ शोभेचे. ही गोष्ट काकांनी 'धूळ बघताना' पहिल्या मिनिटातच पाहिली होती. तार काढून चार बोटे खाली लावली असती तर चहा उकळण्यापूर्वी काम संपले असते.

यावर कोणी म्हणेल की हा शुद्ध बनाव झाला. मला तसे वाटत नाही. ज्या गृहस्थाने पंधरवड्याचा पगार एका चौकोनी वस्तूत घातला, ती स्वतःच्या हाताने बसवली आणि मुलाच्या डोळ्यांसमोर, पत्नीच्या कानावर जाईल अशा रीतीने अपयश पदरात घेतले, त्याला 'अहो, तार चुकीच्या भोकात आहे' असे सांगणे म्हणजे यंत्र दुरुस्त करून माणूस मोडणे होय. कडक स्लॉटपुढे हार खाण्यात कमीपणा नाही, तारेपुढे आहे. काका बिघाडाचा ठपका नेहमी अशा एखाद्या निर्जीव पक्षावर ठेवतात ज्याला अब्रूनुकसानीचा दावा करता येत नाही: धूळ, ओलावा, विजेचा चढउतार, आणि अगदी निकड पडली तर एसएमपीएस, म्हणजे यंत्राला वीज पुरवणारी पेटी. एसएमपीएसबाबत त्यांचा आकस मात्र खरा आहे, आणि साधारही. पेटीवर मोठ्या आकड्यात छापलेले वॅट आणि प्रत्यक्ष बारा व्होल्टच्या तारेवर मिळणारे वॅट यांत तफावत असते, हे ते लेबलावरील बारीक अक्षरे वाचून दाखवून सिद्ध करतात. कमी किमतीच्या पुरवठ्यावर मोठे कार्ड लावलेले पाहिले की त्यांची वाणी प्रथमच कठोर होते.

फी ते घेत नाहीत. जुने कार्ड असले तर ते 'पडून राहील तुमच्याकडे' म्हणून घेऊन जातात.

इमारतीत त्यांचा लौकिक आहे तो या पाऊण तासाच्या निरूपणावर, आणि म्हणूनच गेल्या वर्षी तिसऱ्या मजल्यावर जे घडले त्याने त्या लौकिकाला थोडा बट्टा लागला. तेथील मुलगा वाकबगार. त्याने स्वतः यंत्र जुळवले होते, तार योग्य मुखात होती, टोप्या काढलेल्या होत्या, खुंट्या बिनचूक होत्या, एसएमपीएसही असा होता की काकांना बोलायला जागा नव्हती. आणि तरीही डिस्प्ले येत नव्हता. कार्डाचे दर्शन काचेतून समोरासमोर व्हावे म्हणून त्याने ते आडवे न ठेवता उभे केले होते, आणि कार्ड व खाच यांच्यामध्ये एक चपटी फीत टाकली होती. काका टेबलामागे वाकले, आणि या वेळी 'हं' म्हणाले नाहीत. जबान्या झाल्या नाहीत. भोंग्याचा इतिहास निघाला नाही. मदरबोर्डवरील दिव्यांपैकी व्हीजीएचा पेटलेला होता, तो त्यांनी पाहिला आणि कधी नव्हे ते त्याचे ऐकले. चहा आला, त्यावर साय धरली. त्यांनी फितीवरचे बारीक छापील अक्षर चष्मा कपाळावर सरकवून दोनदा वाचले, फीत काढून बाजूस ठेवली, कार्ड थेट खाचेत बसवले, आणि पडदा उजळला.

पण काका थांबले नाहीत. फीत होती पीसीआय एक्स्प्रेसच्या तिसऱ्या पिढीची, कार्ड आणि मदरबोर्ड दोन्ही चौथ्या पिढीचे. तिसरी पिढी एका वाहिनीतून सेकंदाला आठशे कोटी संकेत नेते, चौथी सोळाशे कोटी. दोन टोकांनी परस्पर चौथ्या पिढीच्या वेगाचा करार केला आणि मधल्या फितीला तो पेलला नाही, तिची संमती घेण्याची तर पद्धतच नाही. काकांनी बायोसमध्ये जाऊन त्या खाचेचा वेग 'ऑटो'वरून काढून तिसऱ्या पिढीवर कायम केला, यंत्र बंद केले, फीत पुन्हा घातली, कार्ड पुन्हा उभे केले आणि कळ दाबली. चित्र आले. मुलाने 'काका, भारी!' म्हटले. काकांचे तिकडे लक्ष नव्हते. ते त्या उभ्या कार्डाकडे पाहत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे समाधान होते ते मी त्यांच्या कोणत्याही पाऊण तासाच्या प्रवचनानंतर पाहिलेले नाही. खोडरबर न वापरता त्यांनी चष्म्याचे घर मिटले, 'झालं' एवढेच म्हणाले आणि चहा तसाच ठेवून जिना उतरले.

दार लागल्यावर त्या घरच्या वहिनी म्हणाल्या, 'आज काकांनी विशेष काही केलं नाही, नाही? रॅमसुद्धा काढली नाही. वय झालं त्यांचं. पुढच्या वेळी दुकानातलाच मुलगा बोलवू या. तो निदान काय बिघडलं ते नीट समजावून तरी सांगतो.'