फॉरेनचं पाकीट

सिंगापूरला लेकीकडे निघालो की शेजारीण टायगर बाम सांगते, बहीण चॉकलेटं सांगते आणि आमचा एक मित्र नुसता घसा खाकरतो. पूर्वी तो भिडेने खाकरायचा, हल्ली धुराने. "लेका, येताना एक कार्टन आण. तुला काय, ड्यूटी फ्री!"

त्याचा दोष नाही. आमच्या तरुणपणी आखातातून आलेला माणूस 555 सिगरेटचं सोनेरी पाकीट टेरिलिनच्या शर्टाच्या खिशात ठेवायचा. बाहेरून दिसावं म्हणूनच. आत असायची आपली देशी चारमिनार. सिगरेट फुप्फुसासाठी होती, पाकीट शेजाऱ्यांसाठी. असं एक रिकामं पाकीट मित्राच्या शोकेसमध्ये अजून आहे, बिनकाट्याच्या घड्याळाशेजारी.

आता कार्टनचं गणित. कार्टनात कांड्या 200. भारतात बिनकराच्या आणता येतात 100. म्हणजे आपल्या कस्टमच्या मते मैत्री अर्ध्या कार्टनापुरतीच निर्मळ. पुढे नुसता व्यवहार. उरलेल्या शंभर बायकोच्या वाट्यात घालाव्यात असं सुचवून पाहिलं. "तुमच्या मित्राचं पाप माझ्या बॅगेत नको," असा निकाल लागला. सिंगापूर त्याहून कडक: तिथे आत येताना एका कांडीचीसुद्धा सूट नाही. असेल ती लाल मार्गाने जाऊन दाखवा आणि कर भरा. जावयासाठी पानसुपारी न्यावी तशी सिगरेट नेता येत नाही.

तेव्हा कार्टन राहू दे, एक पाकीट तरी घेऊ म्हणून लिटल इंडियातल्या एका दुकानात शिरलो. सिगरेट कुठेच दिसेना. 1 ऑगस्ट 2017 पासून तिथे ती दुकानात मांडून ठेवायला बंदी आहे. मागितली की दुकानदार बंद कपाट उघडतो, आपण काहीतरी भलतंच मागितल्यासारखं. एकविसाच्या आतल्याला तर ती विकतच नाहीत. माझ्याकडे ओळखपत्र मात्र मागितलं नाही, याचं जरा वाईटच वाटलं.

मग पाकीट हातात आलं आणि माझा चेहरा पडला. 1 जुलै 2020 पासून सगळ्या कंपन्यांची पाकिटं एकाच मळकट तपकिरी रंगाची. बोधचिन्ह नाही, सोनेरी पट्टी नाही, ब्रँडचं नाव सरकारने ठरवलेल्या साध्या अक्षरात. उरलेल्या जागेत रोगाने खाल्लेल्या अवयवाचा फोटो. फोटोच्या आकारात मात्र आपण पुढे आहोत, बरं का! त्यांचा पाऊण पाकीटभर, आपला 2016 पासून 85 टक्के. आतल्या प्रत्येक कांडीवर कर भरल्याची खूण. आपल्याकडे माणसाला आधार असतो, तिथे सिगरेटला.

त्या आधाराची किंमतही ऐका. 2023 साली कर कांडीमागे 49.1 सेंट झाला. वीस कांड्यांचे 9 सिंगापुरी डॉलर 82 सेंट, म्हणजे तेव्हाच्या दराने सहाशे रुपयांच्या आसपास, नुसता कर. तंबाखूचे पैसे निराळे. ड्यूटी फ्री म्हणणाऱ्या मित्रासाठी मी निखळ ड्यूटीच विकत घेतली.

पाकीट खिशात टाकून ऑर्चर्ड रोडला गेलो. तिथे 2019 पासून नेमून दिलेल्या जागेतच ओढता येते. त्या जागेत माणसं बोर्डाच्या परीक्षेला बसल्यासारखी गंभीरपणे ओढत होती. कुणी कुणाशी बोलत नव्हतं. गप्पांशिवाय सिगरेट हा प्रकार मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्या पानवाल्याकडे उलट. महाराष्ट्रात सप्टेंबर 2020 मध्ये सुटी सिगरेट विकायला बंदी आली, आणि तो अजूनही मित्राला प्रेमाने विचारतो, "सुटी, का पाकीट?"

घरी आल्यावर मित्राने पाकीट उलटसुलट करून पाहिलं. "हे कसलं फॉरेन? रेशनच्या दुकानातलं वाटतंय." मी कराचा हिशोब सांगायला लागलो, पण त्याचं लक्ष नव्हतं. उठला, शोकेस उघडली, 555 चं ते जुनं पाकीट काढून धूळ फुंकली आणि वीसच्या वीस कांड्या त्यात ओळीने भरल्या. खिशात ठेवून आरशात पाहिलं. मग तो तपकिरी डबा माझ्याकडे सरकवत म्हणाला, "हा तू ने. बीपीच्या गोळ्या ठेवायला बरा आहे."