परभणी ते मुंबई, हवाई मार्गे

रा. रा. अंतरमोजणी यंत्र यांस,



परभणी ते मुंबई विमानाने एक तास एक मिनिट, असं आपण कळवलंत. वाचून ऊर भरून आला. परभणीत विमानतळ नाही, एवढी किरकोळ बाब तेवढी आपल्या नजरेतून सुटली. तेव्हा विमान धरायचं कुठून, हेही सांगून टाका. कृषी विद्यापीठाकडे जमीन ऐसपैस आहे, पण तिथं ज्वारीचे प्लॉट असतात, उतरवण्याआधी विचारा.

आपला हिशोब मी करून पाहिला. नकाशावर पट्टी ठेवली की साधारण 410 किलोमीटर. ताशी 800 चा वेग, वर चढण्या-उतरण्याचा अर्धा तास. गणित चोख आहे. ते सुटं एक मिनिट कशाचं, ते मात्र कळेना. बहुधा पेडगावला क्रॉसिंग लागत असावं.

क्रॉसिंग आपल्याला ठाऊक नसेल. आमची गाडी आधी वायव्येला मनमाड गाठते, मग मुंबईकडे वळते. निजामाच्या राज्यात 1900 साली ही लाइन तशीच टाकली गेली. त्यामुळे आपले 410 रुळांवर साडेपाचशेच्या घरात जातात. मनमाडपर्यंतचा बराचसा रस्ता एकेरी. ढेंगळी पिंपळगावसारख्या स्टेशनात गाडी थांबते, पंखे घरघरतात, कुणीतरी खाली उतरून सिग्नलकडे बघत तंबाखू मळतो. समोरची गाडी धाडधाड निघून जाते, तरी आपली हलत नाही, कारण मागून आणखी एक यायची असते. परभणी ते छत्रपती संभाजीनगर 177 किलोमीटरच्या दुहेरीकरणाला 31 जुलै 2025 रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. मंजुरीचं अंतर आपल्याला मोजता येतं का?

हवाई सोय अगदीच नाही असं नव्हे. नांदेडला विमानतळ आहे, सत्तर-पंच्याहत्तर किलोमीटरवर. फक्त तो पूर्वेला, म्हणजे पश्चिमेच्या मुंबईला जाण्यासाठी आधी मुंबईकडे पाठ करून निघायचं. एप्रिल 2017 मध्ये ‘उडान’ योजनेचा आरंभ झाला, तेव्हा पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद होता. हवाई चप्पलवाला विमानात बसेल, असं तेव्हा ऐकलं. चप्पल आमच्याकडे तेव्हाही होती.

एका गोष्टीबद्दल मात्र आपले जाहीर आभार. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही आमची म्हण लोक थट्टेवारी नेतात. मी परभणी–बर्लिनला आपलीच रीत लावली: साडेसहा हजार किलोमीटर, म्हणजे साडेआठ तासांच्या वर थोडंसं. नांदेडहून सुटणारी वंदे भारत परभणीकराला मुंबईत पोचवायला साधारण तितकाच वेळ घेते. आपल्या शास्त्राप्रमाणे मुंबई आणि बर्लिन आम्हाला सारखीच जवळ. पुढच्या खेपेला तिकीट कुठलं काढावं, तेवढं कळवावं. मुंबईचं वेटिंग लागलं आहे.

आपला नम्र,
एक आरएसी प्रवासी, परभणी जंक्शन