भिंतीला कान

रायर कुणाच्याही घरात शिरले की यजमानाकडे बघण्याआधी भिंतीकडे बघतात. छत्रीच्या मुठीने ती वाजवतात. एकदा गुडघ्याच्या उंचीवर, एकदा छातीच्या, एकदा हात पोचेल तिथे. मग कान लावतात. तोवर यजमानांचं 'या, बसा' अधांतरीच असतं. बसण्यापूर्वीसुद्धा खुर्ची उलटी करून तिच्या पायांचे तळ पाहिले जातात. वाळवी खालून चढते, असं त्यांचं म्हणणं. ती पाहुण्यासारखी पुढच्या दाराने येत असती तर रायरांची कंबर इतकी दुखली नसती.

तंजावर जिल्ह्यात देशस्थ मराठी माणसाला तमिळ लोक 'रायर' म्हणतात. व्यंकोजीराजांच्या पाठोपाठ सतराव्या शतकात जी घराणी इकडे उतरली, त्यांपैकी एकातले हे आमचे रायर. असे रायर या भागात अनेक. पण तिरुवैयारूच्या परिसरात नुसतं 'रायर' म्हटलं की हेच, छत्रीवाले. सार्वजनिक बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. सगळी हयात कालवे, दरवाजे आणि मोऱ्या यांच्यात गेली. तंजावरहून तिरुवैयारूला जाताना पंधरा किलोमीटरच्या आत पाच नद्यांवरचे पाच पूल लागतात. रायर बरोबर असले तर प्रत्येक पुलाचा कोणता खांब केव्हा दुरुस्त केला ते ऐकावं लागतं. मराठी ते घरात बोलतात, रागावतात तमिळमध्ये आणि अहवाल लिहितात इंग्रजीत. अहवाल म्हणजे जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या बाजू, दोऱ्याने ओवलेल्या. एका बाजूला मुहूर्त, दुसऱ्या बाजूला वाळवी. फी नाही. डवरा-टंबलरमधून कॉफी दिली की झालं.

हा धंदा त्यांनी काढला नाही, तो त्यांच्याकडे चालत आला. चेन्नई, बेंगळुरू, मुंबई, न्यू जर्सी, कुठेही असो, निवृत्ती जवळ आली की माणसाला आजोळची ओटी आठवते. मग तो सुट्टी काढून अग्रहारात, म्हणजे ब्राह्मणांच्या जुन्या आळीत, घर बघायला येतो. ही घरं असतातही भुलवणारी. पुढे तिण्णै म्हणजे खांबांचा ओटा, मग रेळी नावाचा बोळ, मग उघडा चौक म्हणजे मुट्रम, त्याभोवती कूडम, मागे स्वयंपाकघर, न्हाणी, विहीर आणि परसू. पुढच्या दारात उभं राहिलं की थेट परसातली केळ दिसते. ती केळ दिसली की गिऱ्हाईक कोसळलंच. बायकोला फोन लावून सांगतो, "अगं, केळ दिसते!" रायर तेवढ्यात उंबऱ्याला स्क्रू-ड्रायव्हर खुपसत असतात.

आमचा एक मित्र, मूळचा तंजावरकर, राहणार बेंगळुरू, असाच केळ पाहून बसला होता. त्याच्यामुळे मला रायरांचं काम जवळून बघता आलं. घर शंभरी ओलांडलेलं. मालकाने नुकताच आतून बाहेरून रंग दिला होता, तोही पोपटी. ताजा रंग दिसला की रायर सावध होतात. ते कूडमच्या मधोमध उभे राहिले आणि भिंतींवरच्या तसबिरी मोजू लागले. तीन भिंती कोऱ्या. चौथीवर मात्र तिरुपतीचे बालाजी, मुरुगन, राघवेंद्रस्वामी, दोन दागिनेवाल्यांची कॅलेंडरं आणि मालकांच्या आजोबांचा फोटो.

"एका भिंतीवर एवढी भक्ती?" रायर म्हणाले.

मालक म्हणाला, पूर्वेची भिंत आहे.

रायरांनी आधी बालाजींना नमस्कार केला, मगच खाली उतरवलं. मागे चीर. ती मुरुगनच्या मागून राघवेंद्रस्वामींकडे आणि तिथून आजोबांपर्यंत तिरकी गेली होती, पायरीपायरीने, विटांच्या सांध्यांतून. एका टोकाला रुपयाचं नाणं आत जाईल एवढी. मालक म्हणाला, ही आमच्या लहानपणापासून आहे. रायर म्हणाले, तर मग तीही वारसदार आहे.

आता इथे दुसरा माणूस 'चीर आहे, घेऊ नका' म्हणून मोकळा झाला असता. रायरांचं तसं नाही. चीर असणं हा त्यांच्या लेखी दोष नव्हे. ती चालती आहे की थांबलेली, हा प्रश्न. कावेरीच्या या पट्ट्यात चिकणमाती खोल आहे. बारा जून ही मेट्टूर धरणाचं पाणी सोडायची नेमाची तारीख. पाणी आलं की वाय्क्काल म्हणजे पाट भरतात, विहिरी वर येतात, माती फुगते. उन्हाळ्यात तीच आखडते, आणि पाया तिच्याबरोबर वर-खाली होतो. म्हणून रायरांनी पिशवीतून साधी, बोटभर रुंदीची पातळ काचपट्टी काढली, चिरेवर आडवी ठेवली, दोन्ही टोकं प्लास्टरने चिकटवली आणि शेजारी पेन्सिलीने तारीख घातली. काच तडकली तर चीर चालू आहे. खात्यातली जुनी रीत. साधी, स्वस्त आणि बिनतोड.

"किती दिवस वाट बघायची, मामा?" मित्राने विचारलं.

"दिवस कुठले, अंबी? एक पावसाळा, एक उन्हाळा." धाकट्या कुणालाही रायर 'अंबी' म्हणतात.

मालकाचा चेहरा पोपटी झाला.

आसपासच्या गावांतल्या कितीतरी घरांत रायरांच्या अशा काचा चिकटलेल्या आहेत. काही घरांत ज्यांनी बोलावलं ते वारले, काही घरं पडली, पण काच होती तोवर रायर दर सणाला जाऊन बघून यायचे.

मित्राच्या बायकोला हे काही पटेना. विलायतेत म्हणे घर घेण्याआधी रीतसर सर्व्हे करतात. ते खरंच आहे. तिथे सर्व्हेयरांची संस्था १८६८ पासून आहे आणि छतापासून गटारापर्यंत सगळं तपासून जाडजूड अहवाल मिळतो. आपल्याकडे कर्ज काढलं तर बँकेचा माणूस येतो, चार फोटो काढतो, कॉफी पितो आणि जातो. तेव्हा तिने बेंगळुरूहून एक इंजिनिअर आणवला. मुलगा हुशार होता, यंत्रं नवीन होती. त्यातलं एक काँक्रीटवर आपटून त्याची ताकद मोजायचं. त्याने ते भिंतीवर आपटलं. ताटलीएवढा पोपडा खाली पडला. यंत्राने आकडा काही दाखवला नाही. अहवालात मात्र लिहून आलं की छतात लोखंडी सळई आढळली नाही.

रायरांनी तो अहवाल दोनदा वाचला. म्हणाले, "बरोबर आहे. हे छत घातलं तेव्हा जमशेदपुरात भट्टी पेटायची होती."

मग त्यांनी त्या मुलाला शिडीवर चढवून छत दाखवलं. याला मद्रास टेरेस म्हणतात. सागाच्या तुळया, त्यांच्यावर बारक्या विटा कडेवर उभ्या करून तिरक्या ओळींत चुन्यात बसवलेल्या, वर चुना आणि विटांच्या तुकड्यांचा थर ठोकून ठोकून घट्ट केलेला, त्यावर चपट्या फरशा. चुन्यात हिरड्याचं आणि गुळाचं पाणी. रायरांनी खाली पडलेला पोपडा उचलून त्याच्या हातावर ठेवला. रंगाखाली बाहेरची बाजू करडी, कडक. आतली पांढरी, भुसभुशीत. "हे सिमेंट तुझ्या वयाचं आहे," ते म्हणाले, "आतला चुना तुझ्या पणजोबांच्या. भांडण त्यांचं आहे." मातीत बांधलेल्या भिंतीत जमिनीतली ओल चढणारच, चुन्याच्या गिलाव्यातून ती वाळून जाते. वरून सिमेंट थापलं की तिला बाहेर पडायला वाट राहत नाही. मग ती वरच्या दिशेने जाते, लोणा फुटतो आणि शेवटी ती तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक गाठते. बर्माच्या सागाला वाळवी सहसा लागत नाही, पण टोक कुजायला वाळवी लागतेच असं नाही. रायरांनी स्क्रू-ड्रायव्हर खुपसला तो या टोकांत. चौदा टोकांपैकी बारा 'टण' वाजली, दोन 'बद'. इंजिनिअर मुलाने यंत्र पिशवीत घातलं आणि वही काढली. पुढचे दोन तास तो लिहून घेत होता. माणूस शिकायला तयार असला की रायर थकत नाहीत. हे ऐकणाऱ्याचं दुर्दैव.

एक प्रयोग मात्र मला फार आवडला. रायरांनी विहिरीतून बादलीभर पाणी काढलं, मुट्रमच्या मधोमध ओतलं आणि छत्री उघडून रस्त्यावर जाऊन उभे राहिले. चौकातलं पावसाचं पाणी रेळीच्या फरशीखालच्या दगडी मोरीतून पुढच्या गटारात यायला हवं. एक बादली, दोन, पाच. गटार कोरडंच. पाणी चौकातून नाहीसं होत होतं हे खरं, पण गेलं कुठे? उत्तर शेजारच्या मामींकडून आलं. भिंत दोन्ही घरांची मिळून एकच, आणि त्यांच्या देवघरात ओल येऊ लागली होती. मामी रस्त्यावर आल्या. मालक आत गेला. मोरीत कधीतरी कुणीतरी नव्या न्हाणीचा पाइप घातला होता, हे त्या भांडणातून बाहेर आलं. कोणत्याही यंत्राने ते सांगितलं नसतं.

म्हणून रायरांचा पहिला नियम: घर ऐप्पसीत बघावं, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरात, ईशान्येचा पाऊस लागलेला असताना. दलाल दाखवतात तै महिन्यात, संक्रांतीनंतर. तेव्हा हवा गार, शेतं पिवळी आणि भिंती कोरड्या. तै महिन्यात या भागातलं प्रत्येक घर चांगलं असतं.

विटा-चुना संपला की कागद. इथे रायरांना खरा उत्साह चढतो. विकणारा कुळीत बोलतो (बारा फूट गुणिले बारा फूट म्हणजे एक कुळी), खरेदीखत सेंटमध्ये असतं, बँक चौरस फुटांत विचारते. घर तिन्हींत वेगवेगळं भरतं. मग पट्टा कुणाच्या नावावर, मूळपत्र कुठे, बोजाचा दाखला किती वर्षांचा. आणि सगळ्यांत अवघड म्हणजे जमीन कुणाची. अग्रहारातल्या कित्येक घरांची जागा देवळाची किंवा मठाची असते. भिंती तुमच्या, छत तुमचं. खालची माती शंकराची, आणि तिचं भाडं तुमच्याकडून. ही गोष्ट दलाल शेवटी सांगतात, जिना उतरताना. पूर्वी गावचा कर्णम, म्हणजे कुळकर्णी, सगळं तोंडपाठ सांगायचा. १९८० मध्ये एम. जी. आर. यांच्या सरकारने वंशपरंपरेने चालणारी ती पदं मोडली, याचा राग रायरांच्या मनातून अजून गेलेला नाही.

आणि वारस. तमिळनाडूने १९८९ मध्ये मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आधीच लग्न झालेल्यांना वगळून. २००५ च्या केंद्राच्या दुरुस्तीने तीही अट गेली. तेव्हा आता आत्यांच्या सह्या लागतात. या घराला सही करणाऱ्या आत्या तीन, त्यांतल्या दोघी एकमेकींशी बोलत नव्हत्या. रायरांनी पत्रिकेच्या पाठीवर वंशवृक्ष काढला. तो मावेना, म्हणून दुसरी पत्रिका जोडली.

"आमचे राजे शहाणे," ते म्हणाले. "सरफोजींनी १८०३ मध्ये भोसल्यांची सगळी वंशकथा मराठीत तंजावरच्या मोठ्या देवळाच्या भिंतीवर कोरून घेतली. वारसाचा दाखला आणा म्हणायची सोय नाही."

"मग उपयोग झाला?" मी विचारलं.

"कुठला! १८५५ मध्ये सरफोजींचे चिरंजीव शिवाजीराजे गेले, कंपनी म्हणाली मुलगा नाही, आणि महाल-खजिना सगळ्याला कुलूप लावलं. त्यांच्या राणी कामाक्षीबाईसाहेब मद्रासच्या कोर्टात जिंकल्या, १८५९ मध्ये प्रिव्ही कौन्सिलात हरल्या. राजवाड्याचं टायटल टिकलं नाही, अंबी, तू मला पट्ट्याची झेरॉक्स दाखवतोस?"

दलालांना रायर अर्थातच नकोसे झाले आहेत. एकाने त्यांना काशीयात्रेची तिकिटं काढून दिली, ऐन तै महिन्यातली. रायर गेले. परत आले ते घाटावरच्या वाड्यांना ओल कुठून चढते याच्या टिपणांसह, आणि थेट त्या दलालाच्या घरी, गंगाजल द्यायला. जाता जाता त्याचीही भिंत वाजवून आले.

मित्राचं काय झालं? रायरांच्या शब्दकोशात निकाल दोनच: 'वेण्डाम', म्हणजे नको, आणि 'पार्क्कलाम', म्हणजे बघू. 'घ्या' हा तिसरा अजून कुणी ऐकलेला नाही. मित्राला 'पार्क्कलाम' मिळालं. सिमेंट खरवडून चुना लावा, मोरी मोकळी करा, दोन तुळया बदला, गच्चीच्या कठड्यात रुजलेला पिंपळ मुळासकट काढा, आत्यांना एका बसमध्ये बसवा, मग बघू. तोवर चेन्नईच्या एका जोडप्याने ते घर बघितलं, केळ दिसली, पुढच्या आठवड्यात विसार दिला. आत्यांनी सह्या कशा केल्या ते त्यांनाच ठाऊक. दोन पावसाळे झाले. घर उभं आहे, जोडपं मजेत आहे, रंग आता पांढरा आहे. रायर दर महिन्याला जाऊन काच बघतात. काच शाबूत आहे. ते म्हणतात, "अजून." त्या जोडप्याने मोरी मात्र त्यांच्याच देखरेखीखाली दुरुस्त करून घेतली, तेव्हा मामींच्या देवघरातली ओल गेली.

माझं मत विचाराल तर घर घेण्याच्या कामी रायरांचा उपयोग थोडा आणि घर टिकवण्याच्या कामी फार. त्यांनी काढलेल्या दोषांपैकी बहुतेक किरकोळ खर्चात जाणारे असतात. महाग पडतो तो न विचारलेला कागद. बर्माच्या सागाचे खांब एकदा निघाले की ते काराइकुडीच्या जुन्या सामानाच्या बाजारात जातात आणि तिथून हॉटेलांत. रायरांच्या 'बघू'पायी जी घरं वर्ष दोन वर्षं विकली गेली नाहीत, त्यांचे खांब निदान जागेवर आहेत.

तुम्हाला त्या बाजूला घर घ्यायचं असेल तर दिवाळीच्या सुमारास जा, छत्री आणि एक रिकामी बादली बरोबर न्या, आणि तिरुवैयारूच्या स्टँडवर रायर कुठे राहतात ते विचारा. रिक्षावाला सांगेल. कागद मात्र मूळ न्या; झेरॉक्स ते हातात घेत नाहीत.